जुन्या वृक्षांचा चित्रकार : थिओडोर रूसो

चित्रकला शिकूं लागलेल्या मुलास झाड काढण्यास सांगितलें, तर तो बहुधा एक सरळ बुंधा काढतो, त्याच्या माथ्यावर हिरव्या रंगाचा एक गोळा बसवितो आणि काम संपलें असें समजतो. त्यानें झाड पाहिलेलें नसतें असें नाहीं. शाळेच्या वाटेवर तो रोज दहापांच झाडांखालून जात असतो. परंतु त्याच्या कागदावर जें उतरतें तें झाड नव्हे. ती झाडाची केवळ खूण होय. खूण आणि प्रत्यक्ष वस्तु यांमधील अंतर तोडण्यासाठीं ज्यानें आपलें सारें आयुष्य वेंचिलें, आणि तें अंतर तुटल्यावर त्या वस्तूच्या रक्षणासाठीं ज्याला राजसत्तेच्या दारीं अर्ज घेऊन जावें लागलें, अशा एका फ्रेंच निसर्गचित्रकाराचा परिचय या लेखांत करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव थिओडोर रूसो. सुप्रसिद्ध तत्त्ववेत्ता जाँ जाक रूसो तो हा नव्हे. तो तत्त्ववेत्ता १७१२ सालीं जन्मला. आमचा चित्रकार त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १८१२ सालीं.

रूसोचा जन्म पॅरिस शहरीं ता. १५ एप्रिल रोजीं झाला. त्याचा बाप शिंप्याचा धंदा करीत असे. आईकडील एक नातलग देखाव्यांचीं चित्रें काढणारा होता, त्यामुळें रंग आणि कुंचला या गोष्टी मुलाला अपरिचित नव्हत्या. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास तो कांहीं काळ पूर्व फ्रान्सांतील ज्युरा पर्वताच्या बाजूस जाऊन राहिला. त्या जंगलप्रदेशांत एका परिचित गृहस्थानें लांकूड कापण्याच्या गिरण्या चालविल्या होत्या व लिहिण्याच्या किरकोळ कामासाठीं हा मुलगा त्यांच्याबरोबर गेला होता. मोठ्या वृक्षांशीं त्याची पहिली जवळीक झाली ती, वृक्ष जेथें आडवे होतात त्या जागीं. पुढें त्याच्या हातून जें कार्य झालें तें समजून घेतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

तेथून परत आल्यावर त्याला चित्रकलेच्या शिक्षणासाठीं रेमाँ नांवाच्या शिक्षकाकडे घालण्यांत आलें. त्या काळीं फ्रान्सांतील सरकारी कलापीठाच्या मतें चित्रांमध्येंही उच्चनीच भाव होता. धर्मग्रंथांतील, पुराणांतील व इतिहासांतील प्रसंगांचीं चित्रें सर्वांत श्रेष्ठ, आणि नुसत्या रानावनाचीं चित्रें पुष्कळ खालच्या पायरीवर. देखावा काढावयाचाच तर त्यांत एखादा ग्रीक अथवा रोमन वीर उभा असावा, दूर एखादें भग्न देवालय दिसावें, म्हणजे त्या चित्रास कांहीं प्रतिष्ठा येई. अशा 'ऐतिहासिक देखाव्या'साठीं १८१६ सालीं एक पारितोषिक ठेवण्यांत आलें. तें दर चार वर्षांनीं देत आणि विजयी उमेदवाराची सरकारी खर्चानें रोमला रवानगी होई. रूसोचे गुरु रेमाँ यांनींच तें १८२१ सालीं मिळविलें होतें. या परीक्षेचा एक भाग असा होता कीं, उमेदवारानें एक झाड आठवणीनें रंगवावें. समोर झाड नाहीं, वारा नाहीं, ऊन नाहीं. मनांत पाठ असलेलें झाड कापडावर उतरवावयाचें.

या परीक्षेंत कांहींच अर्थ नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. आठवणीनें झाड काढणाऱ्यास त्याची घडण ठाऊक असावी लागते, आणि तें सामान्य काम नव्हे. परंतु पाठ केलेलें झाड हें शेंकडों झाडांची सरासरी असतें. त्याला वय नसतें, त्याच्यावर वीज पडलेली नसते, त्याची एकही फांदी पूर्वीच्या वादळांत मोडलेली नसते. तें सुंदर असतें, पण तें कोठेंच उगवलेलें नसतें.

तरुण रूसोला हें शिक्षण मानवलें नाहीं. लूव्र येथील संग्रहालयांत सतराव्या शतकांतील डच चित्रकारांचीं चित्रें तो पाहूं लागला. याकोब व्हान रौस्डाल आणि होब्बेमा या दोघांनीं आपल्या सपाट, ओलसर देशांतील ओकवृक्ष, पाणचक्क्या व चिखलाच्या वाटा कोणत्याही रोमन वीराच्या मदतीवांचून रंगविल्या होत्या, आणि दोनशें वर्षें लोटलीं तरी त्या झाडांची मुळें जमिनींत घट्ट होतीं. १८३० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, रूसो ओव्हेर्न्य या मध्य फ्रान्सांतील डोंगराळ प्रांतीं गेला व उघड्यावर बसून चित्रें काढूं लागला. पुढें कांहीं वर्षांतच त्याला आपली खरी जागा सांपडली. ती म्हणजे फाँतेनब्लोचें जंगल.

हें जंगल पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें साठ किलोमीटरांवर आहे. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर अशा हिशेबानें त्याचें आजचें सरकारी क्षेत्र सुमारें १७,००० हेक्टर भरतें. कित्येक शतकें तें फ्रान्सच्या राजांचें शिकारीचें रान होतें, आणि म्हणूनच राजधानीच्या इतक्या जवळ असूनही तें नांगराखालीं गेलें नाहीं. जमीन रेताड आहे. वाळूचे दगड मोठमोठ्या राशींनीं पडलेले आहेत, मध्यें मध्यें उघडीं माळरानें आहेत, आणि कांहीं भागांत फार जुने ओक व बीच यांचे वृक्षसमूह आहेत. यांपैकीं बा-ब्रेओ नांवाचा भाग चित्रकारांचा विशेष आवडता. कारण तेथील ओक अत्यंत वृद्ध असून बार्बिझों हें लहानसें खेडें तेथून हाकेच्या अंतरावर होतें. या खेड्यांतील एका साध्या खाणावळींत तरुण चित्रकार उतरत. रूसो प्रथम पाहुणा म्हणून येऊं लागला आणि १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यानें तेथेंच घर भाड्यानें घेऊन आपली चित्रशाळा थाटली. पुढें या खेड्याभोंवतीं जमलेल्या चित्रकारांच्या संप्रदायास जगांत 'बार्बिझों संप्रदाय' असें नांव पडलें, व रूसो हा त्यांचा अग्रणी मानला जातो.

ओक हें आमच्या महाराष्ट्राचें झाड नव्हे. वाचकांनीं त्याच्या जागीं गांवाबाहेरील एखादा फार जुना आंबा मनांत आणावा. मात्र एक फरक विसरूं नये. ओकाचीं पानें हिंवाळ्यांत गळून जातात आणि त्याचा सांगाडा चार महिने उघडा राहतो. तें सावकाश वाढणारें झाड आहे, व अनुकूल जागा मिळाल्यास चारशें-पांचशें वर्षें जगूं शकतें. बा-ब्रेओमधील एखाद्या ओकासमोर रूसो बसे, तेव्हां तो वृक्ष त्या देशांतील कित्येक राजवटींहून जुना असे.

अशा वृक्षांत त्यानें काय पाहिलें? पहिली गोष्ट त्यांचें वजन. त्याच्या चित्रांतील झाड जमिनीवर ठेवलेलें नसतें. तें जमिनींतून वर येतें. बुंधा खालीं रुंदावतो, मुळें मातीला धरून पसरतात, आणि भूमि व वृक्ष यांचा सांधा कोठें आहे हें सांगतां येत नाहीं. दुसरी गोष्ट त्यांचा इतिहास. तरुण झाड पुष्कळसें आपल्या जातीसारखें दिसतें. वृद्ध झाड स्वतःसारखें दिसतें. कोठें एक फांदी मोडली म्हणून दुसरी त्या बाजूच्या उजेडाकडे वळली, कोठें शेजारचें झाड पडलें म्हणून एका अंगाला पालवी दाट झाली, कोठें जखमेवर सालीची कड चढली. वाऱ्याचें, विजेचें व उजेडाचें जें जें त्याच्यावर गुजरलें तें तें त्याच्या आकृतींत लिहिलेलें असतें. हें लिखाण वाचल्यावांचून जुना वृक्ष काढतां येत नाहीं. मित्रांशीं बोलतांना रूसो झाडांविषयीं माणसांविषयीं बोलावें तसा बोलत असे, असें त्याचा मित्र व चरित्रकार आल्फ्रेद सांसिये यानें नमूद केलें आहे. ज्याला प्रत्येक वृक्षाचा चेहरा वेगळा दिसतो, त्याच्या तोंडीं दुसरी भाषा येणारच नाहीं.

तिसरी गोष्ट उजेड. लूव्रमध्यें असलेलें 'आप्रमाँ येथील ओकवृक्षांचा समूह' हें त्याचें चित्र १८५० ते ५२ च्या सुमाराचें आहे. चित्र फार मोठें नाहीं. रुंदी सुमारें एक मीटर. सपाट कुरणांत कांहीं ओक एकत्र उभे आहेत, आजूबाजूस गुरें चरत आहेत, आणि वेळ भर दुपारची आहे. निसर्गचित्रकार दुपारची वेळ बहुधा टाळतात, कारण त्या वेळीं सावल्या लांब पडत नाहींत व देखावा सपाट दिसतो. रूसोनें तीच वेळ निवडली. सावल्या झाडांच्या पायाशीं गोळा झाल्या आहेत आणि त्या सावल्यांच्या पायावर वृक्षांचा हा समूह एखाद्या देवालयासारखा स्थिर उभा आहे. चित्रांत कांहींही घडत नाहीं. वीर नाहीं, देवालय नाहीं, कथा नाहीं. तरी पाहणाऱ्याची नजर त्या झाडांवरून हलत नाहीं. जें महत्त्व पूर्वीं राजांच्या व वीरांच्या चित्रांना मिळत असे, तें येथें वृक्षांना मिळालें आहे.

त्याच्या चिकाटीचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे 'हिंवाळ्यांतील जंगल, सूर्यास्तसमय' हें चित्र होय. तें आतां न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. रुंदी दोन मीटर साठ सेंटिमीटर. रूसोनें तें १८४६ च्या सुमारास आरंभिलें व १८६७ सालीं तो वारला तेव्हांही तें त्याच्या मतें पुरें झालें नव्हतें. वीस वर्षें तो त्या चित्राकडे परत परत येत राहिला. निष्पर्ण ओकांच्या फांद्या एकमेकींत गुंतून एक प्रचंड जाळी झाली आहे, तिच्या आडून मावळता सूर्य लाल दिसत आहे, आणि खालीं अगदीं लहान अशा कांहीं वृद्ध स्त्रिया पाठीवर काटक्यांचे भारे घेऊन वांकून चालल्या आहेत. पहिल्या नजरेंत त्या दिसतही नाहींत. वृक्ष आणि मनुष्य यांचें खरें प्रमाण काय, हें सांगण्यास त्याला शब्दांची जरूर पडली नाहीं.

अशा चित्रकाराचें लोकांनीं लगेच स्वागत केलें असेल असें कोणास वाटेल. पण तसें झालें नाहीं. पॅरिसमध्यें सरकारी आश्रयाखालीं 'सालों' नांवाचें मोठें प्रदर्शन भरत असे. तेथें चित्र लागल्यावांचून चित्रकाराला नांव नाहीं व गिऱ्हाईकही नाहीं. १८३६ सालीं रूसोनें ज्युरा पर्वतांतून उतरणाऱ्या गुरांचें एक भव्य चित्र पाठविलें. परीक्षकांनीं तें परत केलें. त्यानंतर १८४१ पर्यंत त्याचीं चित्रें नाकारण्यांत येत राहिलीं. शेवटीं नाकारलेल्या चित्रांत चेस्टनट वृक्षांच्या एका दाट वाटेचें चित्र होतें, जें आज लूव्रमध्यें मानानें लाविलेलें आहे. लोक त्याला थट्टेनें व पुढें आदरानें 'थोर नाकारलेला' म्हणूं लागले. यापुढें कित्येक वर्षें त्यानें चित्र पाठविणेंच सोडून दिलें. १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर परिस्थिति पालटली, सरकारनेंच त्याच्याकडून चित्र मागविलें, आणि १८५५ च्या पॅरिस येथील सार्वराष्ट्रीय प्रदर्शनांत त्याची कीर्ति पक्की झाली. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावी. ज्या गुरांच्या चित्रावरून हा वाद सुरू झाला तें आज जवळजवळ काळें पडलें आहे. छाया खोल दिसाव्या म्हणून त्या काळचे चित्रकार डांबराच्या जातीचा एक तपकिरी रंग वापरीत. तो कधींच पुरता वाळत नाहीं, वरच्या रंगाला भेगा पाडतो व दिवसेंदिवस काळवंडतो. परीक्षकांनीं चित्राचें जितकें नुकसान केलें नाहीं, तितकें त्या रंगानें केलें.

परंतु रूसोला खरें दुःख होतें तें आपल्या चित्रांचें नव्हे. तो ज्या वृक्षांचीं चित्रें काढी, ते वृक्षच नाहींसे होत चालले होते.

याचें कारण समजण्यासाठीं जंगलखात्याची बाजूही पाहिली पाहिजे. फ्रान्सांत १८२४ सालीं नान्सी येथें वनविद्यालय निघालें आणि १८२७ सालीं जंगलाचा नवा कायदा झाला. देशाला इमारती, जहाजें व जळण यांसाठीं लांकूड हवें होतें, आणि पूर्वीच्या बेसुमार तोडीनें जंगलें खालावलीं होतीं. नव्या शास्त्रानें सांगितलें कीं, जंगलाचे विभाग पाडावे, प्रत्येक विभाग ठराविक मुदतीनें कापावा, आणि त्याच्या जागीं एकाच वयाचीं नवीं झाडें वाढवावीं, म्हणजे लांकडाचा पुरवठा अखंड राहील. हें शास्त्र मूर्खपणाचें नव्हतें. आजही जगांतील पुष्कळशीं जंगलें याच तत्त्वावर चालतात. पण या हिशेबांत फार जुन्या झाडाला जागा नव्हती. पोकळ बुंध्याच्या ओकाचें लांकूड विकत नाहीं, तो नुसती जागा अडवितो. म्हणून तो प्रथम कापावा असें ठरे. १८३० नंतर लुई फिलिप राजाच्या कारकीर्दींत फाँतेनब्लोमध्यें मोठी तोड झाली, आणि रेताड, उजाड भागांवर पाइन जातीच्या सूचिपर्णी झाडांची लागवड सपाट्यानें सुरू झाली. पाइन लवकर वाढतो व रेतीला धरून ठेवतो, हा खात्याचा मुद्दा खराच होता. चित्रकारांना मात्र त्या एकसारख्या रांगा जंगलाच्या अंगावर चढविलेल्या गणवेशासारख्या वाटत. कांहीं जणांनीं पाइनचीं रोपें उपटून टाकिलीं असेंही सांगतात.

१८४७ सालीं रूसोनें या तोडीचें एक चित्र हातीं घेतलें. लांकूडतोडे दोर लावून एक मोठा वृक्ष खालीं ओढीत आहेत, व भोंवतीं पूर्वीं पडलेले वृक्ष अस्ताव्यस्त पसरले आहेत. चित्र अपुरें राहिलें. तें सध्यां हॉलंडांत हेग येथील मेस्डाग संग्रहांत आहे. या चित्रास नांव मिळालें 'निरपराध बालकांची कत्तल'. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत हेरोद राजानें बेथलेहेमांतील बालकांचा वध करविल्याची जी हकीकत आहे, तिच्यावरून हें नांव घेतलें आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. शेंकडों वर्षांच्या वृक्षांना बालक म्हणणें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण विचार केला असतां या नांवाची योग्यता पटते. बालक दुबळें म्हणून निरपराध नव्हे. त्याला आपली बाजू मांडतां येत नाहीं, आणि त्याच्या मृत्यूचें कारण त्याच्या कृतींत नसून राजाच्या मनांत असतें. त्या वृक्षांचेंही तसेंच होतें.

रूसो नुसतें चित्र काढून थांबला नाहीं. सांसिये सरकारी कचेरींत नोकरीस होता. अर्ज कसा लिहावा व कोठें पाठवावा हें त्याला ठाऊक होतें. त्याच्या साहाय्यानें १८५२ सालीं रूसोनें चित्रकारांच्या वतीनें सरकारास अर्ज केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जुन्या आचार्यांचीं चित्रें संग्रहालयांत जपून ठेविलीं जातात, कारण विद्यार्थी त्यांच्यापासून शिकतात. हे वृक्षही निसर्गाच्या अभ्यासकांना तसेच आदर्श आहेत. तेव्हां त्यांनाही तसेंच संरक्षण असावें. मागणी मोठी धूर्तपणाची होती. सरकार वृक्षांची कींव करणार नाहीं, परंतु संग्रहालय म्हणजे काय हें सरकारास समजतें. दुसरीकडे, फ्रान्स्वा देनकूर नांवाच्या एका जुन्या सैनिकानें पदरच्या पैशानें या जंगलांत पायवाटा आंखल्या होत्या, जुन्या वृक्षांना नांवें दिलीं होतीं व मार्गदर्शक पुस्तकें छापलीं होतीं. आणि १८४९ सालीं रेल्वे आल्यावर पॅरिसचे लोक हजारोंनीं तेथें फिरावयास येत होते. त्यामुळें लोकमतही अनुकूल झालें होतें.

१८५३ सालीं ६२४ हेक्टर जंगल तोडींतून वगळण्यांत आलें. १८६१ सालीं तिसऱ्या नेपोलियन बादशहाच्या हुकुमानें ही मर्यादा वाढून १,०९७ हेक्टर झाली, व त्या भागास 'कलेसाठीं राखलेला विभाग' असें कायद्यांतच नांव मिळालें. त्यांतील पुष्कळसा भाग खडकाळ असल्यामुळें खात्याचें फारसें नुकसान झालें नाहीं, ही गोष्ट खरी. तरी सौंदर्यासाठीं निसर्गाचा एक तुकडा सरकारी हुकुमानें राखून ठेवण्याचें जगांतील हें अगदीं आरंभींचें उदाहरण होय. अमेरिकेंतील प्रसिद्ध यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं, म्हणजे यानंतर अकरा वर्षांनीं निघालें.

रूसोच्या स्वभावाची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. शेतकऱ्यांच्या जीवनाचा थोर चित्रकार जाँ फ्रान्स्वा मिले हा १८४९ सालीं बार्बिझोंस राहावयास आला. पदरीं मुलें पुष्कळ, आणि चित्रें विकलीं जात नव्हतीं. १८५५ च्या प्रदर्शनांत त्याचें 'झाडावर कलम बांधणारा शेतकरी' हें चित्र होतें. तें एका अमेरिकन गृहस्थानें चार हजार फ्रँकांस विकत घेतलें असें मिलेस कळविण्यांत आलें. तो अमेरिकन गृहस्थ कोठेंच नव्हता. पैसे रूसोनें दिले होते. डोंगरावरील प्रवचनांत गुप्त दानाविषयीं जो उपदेश आहे, त्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. रूसोचीं शेवटचीं वर्षें पत्नीच्या मानसिक आजारामुळें व स्वतःच्या ढासळत्या प्रकृतीमुळें कष्टांत गेलीं. ज्याचीं चित्रें परीक्षकांनीं वर्षानुवर्षें परत केलीं, तोच १८६७ च्या सार्वराष्ट्रीय प्रदर्शनांत चित्रपरीक्षकांचा अध्यक्ष झाला; आणि त्याच वर्षीं ता. २२ डिसेंबर रोजीं बार्बिझों येथें त्यानें देह ठेविला. शेजारच्या शाइ गांवच्या स्मशानभूमींत त्याला पुरलें आहे. पुढें १८७५ सालीं मिलेलाही त्याच्याजवळच विसांवा मिळाला. या दोघां मित्रांच्या मुखाकृति १८८४ सालीं जंगलाच्या कडेच्या एका मोठ्या खडकावर ब्राँझमध्यें बसविण्यांत आल्या, व त्या आजही तेथें पाहावयास मिळतात.

राखलेल्या जंगलाचें पुढें काय झालें, हा भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. चित्रकारांची अपेक्षा अशी होती कीं, कुऱ्हाड थांबली म्हणजे ओक जसेच्या तसे राहतील. तसें झालें नाहीं. ओकाच्या रोपाला भरपूर उजेड लागतो. बीचचें रोप सावलींत तग धरतें. तोड बंद झाली, सावली दाट झाली, जुने ओक एकेक करून कोसळले आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांची जागा बीचनें घेतली. म्हणजे रूसोनें रंगविलेलें जंगल वांचविण्यासाठीं जो नियम केला, त्याच नियमानें तें हळूहळू दुसरें जंगल झालें. परंतु हें अपयश नव्हे. पडलेल्या व पोकळ झालेल्या बुंध्यांत भुंगेरे, अळंबीं, सुतारपक्षी व वटवाघळें यांची केवढी वस्ती असते, हें पुढच्या शतकांतील शास्त्रज्ञांना अशाच न तोडलेल्या जागीं शिकतां आलें. जो पोकळ ओक जंगलखात्याच्या वहींत शून्य किंमतीचा होता, तो जीवशास्त्राच्या वहींत सर्वांत मौल्यवान ठरला. त्या विभागांतील कांहीं भाग १९५३ सालीं जीवशास्त्रीय दृष्टीनें राखीव करण्यांत आले, आणि 'कलेसाठीं राखलेला विभाग' ही जुनी व्यवस्था १९६७ सालीं रद्द झाली. त्यापूर्वींच, १९४८ च्या ऑक्टोबर महिन्यांत, निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना ज्या गांवीं झाली तें गांव फाँतेनब्लो हेंच होतें.

या कथेचा एक धागा आमच्या देशापर्यंतही पोंचतो. रूसो वारला त्याच सुमारास, १८६७ पासून, हिंदुस्थानच्या जंगलखात्यांत नेमावयाचे तरुण अधिकारी शिक्षणासाठीं नान्सीच्या वनविद्यालयांत पाठविण्यांत येऊं लागले, व ही प्रथा १८८५ पर्यंत चालू होती. तेव्हां ज्या शास्त्राशीं रूसोचा झगडा झाला, त्याच शास्त्राचे विद्यार्थी पुढें आमच्या सागवानाच्या व सालाच्या रानांचे व्यवस्थापक झाले. दुसऱ्या बाजूनें, सह्याद्रीच्या खेड्यांतून देवाच्या नांवानें राखलेल्या देवराया त्याच्याही फार पूर्वींपासून उभ्या होत्या. तेथील वाळलेली फांदीही लोक भीतीनें उचलीत नसत. भक्तीनें राखलेलें रान आणि सौंदर्यासाठीं राखलेलें रान यांचे हेतु भिन्न आहेत. पण दोहोंकडे जुन्या वृक्षाची किंमत लांकडाच्या घनफुटांनीं मोजलेली नाहीं, एवढें साम्य खास आहे. अलीकडे रस्ते रुंद करतांना दुतर्फा वाढलेले शंभर वर्षांचे वड तुटतात व त्यांच्याबद्दल दसपट रोपें लावण्याचें वचन दिलें जातें. रोपें लावणें चांगलेंच. परंतु दहा रोपें म्हणजे एक वड नव्हे. मध्यें शंभर वर्षें आहेत, आणि तीं कोणत्याही रोपवाटिकेंत मिळत नाहींत.

रूसोच्या चरित्रापासून आम्हीं घ्यावयाचा मुख्य धडा असा आहे. तो वृक्षांचा कैवारी म्हणून जंगलांत गेला नव्हता. तो चित्र शिकण्यासाठीं गेला. तो फार वेळ बसला, एकाच झाडाकडे निरनिराळ्या ऋतूंत परत आला, आणि त्यामुळें त्याला झाडें वेगवेगळीं ओळखतां येऊं लागलीं. ज्याची ओळख झाली त्याचा नाश पाहवत नाहीं, हा मनुष्याचा स्वभावच आहे. प्रथम पाहणें, मग ओळखणें, मग जपणें, असा हा क्रम आहे, आणि पहिली पायरी सोडून तिसरीवर उडी मारतां येत नाहीं.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एक साधी सूचना आहे. आपल्या घराजवळचें अगर शाळेजवळचें एखादें जुनें झाड निवडावें. पानें काढण्याची घाई करूं नये. आरंभीं बुंधा जमिनींतून कसा निघतो तें पाहावें, मग मुख्य फांद्या कोणत्या बाजूस वळल्या आहेत व कां वळल्या असाव्या याचा विचार करावा, तुटलेल्या जागा व गांठी नीट न्याहाळाव्या. तेंच झाड उन्हाळ्यांत, पावसाळ्यांत व हिंवाळ्यांत पुन्हां काढावें. गांवांतील वृद्ध मंडळींस त्याचें वय विचारावें. चित्राखालीं झाडाची जागा व तारीख लिहून ठेवावी. चित्र चांगलें उतरलें नाहीं तरी हरकत नाहीं. रूसोलाही एक चित्र वीस वर्षांत पुरें करतां आलें नाहीं. पण त्या झाडाच्या बुंध्यावर एके दिवशीं कोणी चुन्यानें खूण केली, तर ती खूण सर्वांच्या आधीं तुमच्या नजरेस पडेल, आणि त्याच्या बाजूनें बोलणारें निदान एक माणूस तरी गांवांत असेल.